हत्ती कुणाचा? शेत ज्याचे त्याचा!



अमेरिकेतला एखादा सुखवस्तू गृहस्थ बायको आणि दोन मुलांना घेऊन नामिबियाला सुटीवर जातो. विंडहूकच्या विमानतळावर उतरतो आणि तिथून दोन-चार तासांची मजल मारून एका शेतावर मुक्कामाला पोचतो. अभयारण्यात नव्हे, शेतावर. दहा-बारा हजार एकरांचे, खडकाळ, काटेरी झुडपांचे शेत. पाऊस आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. तिथे नांगर चालत नाही, फार तर गुरे चरतात.

या शेताचे एक छापील दरपत्रक असते. बंदूक चालवणाऱ्या पाहुण्याचा रोजचा दर वेगळा, नुसते बघायला आलेल्या बायको-मुलांचा वेगळा. मग जनावरागणिक किंमत. स्प्रिंगबॉक हरणाला काही शे डॉलर, पिळाच्या शिंगांच्या कुडूला त्याच्या कितीतरी पट. गोळी लागून जनावर जखमी झाले आणि निसटले, तरी पूर्ण पैसे मोजायचे. सोबत परवानाधारक शिकारी आणि माग काढणारा स्थानिक माणूस असलाच पाहिजे. शिंगे आणि कातडे पाहुण्याचे, मांस बहुधा इथेच राहते. आठवडाभरात कुटुंब काही हजार डॉलर मोजून परत जाते. हत्तीची शिकार करायची असेल तर मामला काही दशहजार डॉलरांवर जातो.

पुढे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. पडलेल्या जनावराशेजारी गुडघे टेकून बसलेला बाप आणि हसणारा पोरगा यांचा फोटो बाहेर येतो. लंडनपासून मुंबईपर्यंत हळहळ होते. 'असल्या शिकारी बंद करा' अशी आरोळी उठते.

फोटो सुंदर नाही, हे आम्हीही म्हणू. मजेसाठी जीव घेणे बहुतेकांच्या मनाला पटत नाही, आमच्याही पटत नाही. पण या सगळ्या आरडाओरड्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. ते जनावर कुणाच्या जमिनीवर वाढले? कुणाचे गवत खाऊन, कुणाचे पाणी पिऊन, कुणाच्या मक्यात रात्री घुसून ते एवढे थोरले झाले? आणि उद्या त्याची किंमत शून्य झाली, तर ते कुणाच्या दयेवर जगणार आहे?

साहेबाची शिकार, गावकऱ्याची चोरी

दक्षिण आफ्रिकेच्या त्या सगळ्या मुलखात शिकारीचा इतिहास हा आधी लुटीचा इतिहास आहे. फ्रेडरिक सेलूस नावाचा इंग्रज १८७१ साली तिकडे गेला आणि मटाबेलेलँडात हत्ती मारून हस्तिदंतावर नाव-पैसा कमावू लागला. १८९० साली ऱ्होड्सच्या कंपनीची फौज त्या देशात शिरली तेव्हा तिला वाट दाखवायला हाच सेलूस पुढे होता. आधी बंदूक आली, मागून बंदूकवाल्यांचे राज्य आले. क्वागा नावाचा झेब्र्यासारखा प्राणी गोऱ्या वसाहतीत मारून मारून संपला. शेवटचा एक १८८३ साली ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

राज्य आल्यावर कायदा आला. रानातली जनावरे राजाची ठरली. साहेब परवाना काढून मारील ती शिकार, आणि ज्याच्या बापजाद्यांनी त्या रानात पोट भरले तो गावकरी हरीण मारील ती चोरी. हत्तीने रात्रीतून मका तुडवला तर गावकऱ्याने बघत बसायचे. हत्तीवर भाला टाकला तर तुरुंग. जनावर राजाचे आणि नुकसान रयतेचे, असा तो न्याय.

अशा न्यायात रयत काय करते, ते सांगायला पंडित लागत नाही. चोरटा शिकारी रात्री गावात आला तर गाव त्याला लपवते. सिंहाने गाय मारली तर गाय मेली त्या जागी विष घालते. रान मोडून शेत करते, कारण रानात आपले काही नाही आणि शेतात निदान चार पोती आहेत. गाव दुष्ट असते म्हणून हे घडत नाही. कायद्याने जनावराला त्याच्या दारातला शत्रू करून ठेवलेले असते.

मालकी आली आणि जनावर वाढले

मग काही ठिकाणी कायदा उलटा फिरला. १९७५ साली त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, कायदा झाला की जमीनमालकाने आपल्या जमिनीवरच्या जनावरांचा उपयोग स्वतः ठरवावा. नामिबियातही शेतमालकांना असेच हक्क मिळाले. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरचे जनावर मालकाची मालमत्ता झाले.

कालपर्यंत जो शेतमालक कुडूला 'माझ्या गाईचे गवत खाणारा' म्हणून गोळी घालत होता, तोच आता त्याच्यासाठी पाणवठे खोदू लागला. हरणे विकत आणून सोडू लागला. झिंबाब्वेच्या आग्नेयेला सावे नदीच्या खोऱ्यातल्या गुरेपालकांनी १९९१ साली एकत्र येऊन आपल्या जमिनी जोडायला घेतल्या. १९९१-९२ च्या भयंकर दुष्काळात गुरे टिकली नाहीत. त्यांनी मधली कुंपणे काढली आणि गुरांच्या जागी रानजनावरे आणली. दक्षिण आफ्रिकेत आज सुमारे दोन कोटी हेक्टर खासगी जमीन रानजनावरांखाली असल्याचा अंदाज सांगतात. सरकारी राष्ट्रीय उद्याने त्याच्यापुढे चिमुकली आहेत. पांढरा गेंडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभरही उरला नव्हता. आज दक्षिण आफ्रिकेतल्या पांढऱ्या गेंड्यांपैकी निम्म्याहून अधिक खासगी मालकांकडे आहेत.

पण यात एक मोठी खोट होती, आणि ती लपवण्याचे कारण नाही. हे सगळे हक्क आधी गोऱ्यांना मिळाले. उत्तम जमीन त्यांनीच बळकावलेली, त्यामुळे 'जमीन ज्याची त्याचे जनावर' या नियमाचा फायदाही त्यांनाच. काळा शेतकरी सामाईक जमिनीवर, पडीक मुलखात लोटलेला. त्याच्या शेतात येणारा हत्ती मात्र सरकारचाच राहिला. झिंबाब्वे स्वतंत्र झाल्यावर १९८२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, पण हक्क प्रत्यक्ष हातात पडायला १९८८-८९ साल उजाडले. नामिबियात तर १९९६.

शेकोटीभोवतीचा हिशेब

झिंबाब्वेच्या त्या योजनेचे नाव 'कॅम्पफायर', म्हणजे शेकोटी. पहिल्या जिल्ह्यांत झांबेझी नदीकाठचा न्यामिन्यामी होता. तिथले टोंगा लोक म्हणजे धरणग्रस्त. करिबाचे धरण बांधताना १९५० च्या दशकाअखेरीस नदीच्या दोन्ही तीरांवरून सुमारे ५७ हजार टोंगांना उठवले. आपल्या कोयनेच्या धरणग्रस्तांचीच साधारण ही वेळ. नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली आणि माणसे हत्तींच्या मुलखात, खडकाळ माळावर नेऊन टाकली. आधी धरणाने शेत घेतले आणि उरलेले हत्तीने. त्या माणसाला 'हत्ती वाचवा' असे सांगायला कोणत्या तोंडाने जाणार?

शिकाऱ्याचा पैसा हे ते तोंड ठरले. कॅम्पफायरच्या उत्पन्नातला फार मोठा भाग परदेशी शिकाऱ्यांकडून आणि त्यातही हत्तीच्या शिकारीतून येत आला. बेइटब्रिज जिल्ह्यातल्या चिकवाराक्वारा गावात १९९० साली हा पैसा लोकांसमोर मोजून घराघराच्या हातात दिला. मग लोकांनीच आपापल्या वाट्यातून पिठाच्या गिरणीला आणि शाळेला पैसे काढून ठेवले आणि उरलेले घरी नेले. दांदे भागातल्या मासोका गावाने शाळा आणि दवाखाना उभा केला, आणि वस्ती व शेतांभोवती विजेचे कुंपण घातले. हत्तीच्याच पैशातून हत्तीपासून पिकाचे रक्षण! याला म्हणतात विकास. बाहेरच्या कुणा संस्थेने येऊन लोकांना निसर्गप्रेमाची शिबिरे घ्यावी लागली नाहीत.

नामिबियाने आणखी पुढचे पाऊल टाकले. १९९६ च्या कायद्याने हक्क थेट गावकऱ्यांच्या नोंदणीकृत मंडळाला दिला. १९९८ साली पहिली चार मंडळे नोंदली गेली, आज ८६ आहेत आणि देशाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे आहे. सरकार किती जनावरे मारायची तो आकडा ठरवते. शिकार कंपनीशी करार मंडळ करते, पैसा मंडळाच्या खात्यात येतो आणि मांस घरोघर वाटले जाते. १९९५ च्या सुमारास देशात साडेसात हजारांच्या आसपास हत्ती होते. आज वीस हजारांहून अधिक आहेत. शिकार चालू असताना हत्ती वाढले, हे शहरातल्या भूतदयावाद्यांना पचत नाही. शेतकऱ्याला लगेच कळते. कोंबडी कापून खाणाऱ्याच्या घरी कोंबड्या संपत नाहीत, कारण त्या त्याच्या असतात.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने मारला. सिंहाच्या गळ्यात संशोधकांचा पट्टा होता. ती शिकार नियमात बसत होती की नाही यावर वाद झाले, खटले झाले. पण जगभर जो गहजब उडाला तो नियमाबद्दल नव्हता. महिन्याभरात अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी शिकारीची शिंगे-कातडी न्यायचे बंद केले. त्याआधी २०१४ साली अमेरिकेने झिंबाब्वेच्या हत्तीचे दात आणि कातडी देशात आणायला मनाई केली होती. हत्ती मारायला येणाऱ्यांत अमेरिकनच जास्त, त्यामुळे फटका थेट गावाच्या गिरणीला आणि शाळेला बसला. २०२३ साली ब्रिटनच्या लोकसभेने शिकारीची शिंगे-कातडी आणण्यावर बंदीचे विधेयक मंजूर केले. ते वरच्या सभागृहात अडकले, ही गोष्ट वेगळी.

ही माणसे उंटावरून शेळ्या हाकतात. स्वतःच्या देशातले लांडगे आणि अस्वले ब्रिटनने कैक शतकांपूर्वी मारून संपवली. आता दुसऱ्याच्या शेतातले सिंह जगावेत म्हणून दुसऱ्यानेच खर्च सोसावा, असा त्यांचा आग्रह. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जाते? एप्रिल २०२४ मध्ये बोट्सवानाचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी जर्मनांना सुनावले की, आमचे वीस हजार हत्ती भेट देतो, तुम्ही सांगता तसे त्यांच्यासोबत राहून दाखवा. बोलणे खोचक होते, पण मुद्दा बिनतोड होता. बोट्सवानात सुमारे एक लाख तीस हजार हत्ती आहेत. जगात कोणत्याही देशात एवढे नाहीत. माणसे पंचवीस लाखांच्या आसपास.

बोट्सवानाने बंदीही करून पाहिली. २०१४ साली शिकार बंद केली आणि २०१९ साली पुन्हा सुरू केली. मधल्या काळात शिकारीच्या छावण्यांतले रोजगार गेले, गावांचे उत्पन्न गेले, हत्ती मात्र शेतात येतच राहिले. 'कॅमेरे घेऊन येणारे पर्यटक आणा' असा सल्ला मिळतो. चांगला आहे. पण कॅमेरेवाल्याला रस्ता लागतो, चांगले हॉटेल लागते, नदीकाठचा देखावा लागतो, आणि एका दिवसात वीस जनावरे दिसावी लागतात. काटेरी माळावर, डास-धुळीत, तंबूत राहायला शिकारीच येतो. ओकावांगोच्या पाणथळीला कॅमेरा पुरेल, माळरानाला पुरत नाही.

केनियाने १९७७ साली शिकारीवर पूर्ण बंदी घातली. तिथल्या चराऊ मुलखातल्या रानजनावरांची संख्या १९७७ ते २०१६ या काळात सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांनी मोजले आहे. सगळी घट बंदीमुळेच झाली असे आम्ही म्हणणार नाही. माणसे वाढली, गुरे वाढली, कुंपणे वाढली. पण बंदीने जनावर वाचते, हा दावा मात्र तिथेच गाडला गेला.

कुंपणच शेत खाते

आता दुसरी बाजू. शिकारीचा धंदा म्हणजे सोवळ्यातला धंदा असे कुणी समजू नये. दक्षिण आफ्रिकेत काही मंडळींनी पिंजऱ्यात सिंह वाढवायचे, बंद आवारात सोडायचे आणि गिऱ्हाइकाकडून गोळी घालून घ्यायची असा उद्योग मांडला. त्यात ना रानाचे रक्षण, ना गावाचा फायदा. तो बंद व्हावा याला आमची हरकत नाही.

झिंबाब्वेत खरा घोटाळा वेगळाच झाला. हक्क गावाला न देता जिल्हा परिषदेसारख्या मंडळाला दिला. निम्म्याहून जास्त पैसा गावाला द्यावा असे ठरले होते. कित्येक ठिकाणी परिषदेने पैसा उशिरा दिला, कमी दिला, स्वतःच्या पगारात जिरवला. कुंपणच शेत खाऊ लागले. जिथे पैसा गावात पोचला नाही तिथे गावाची हत्तीवरची माया आटली. मग २००० सालापासून जमिनींवर कब्जे सुरू झाले. जमीनवाटपाचा अन्याय खरा होता, तो दुरुस्त व्हायलाच हवा होता. पण सत्ताधाऱ्यांनी तो ज्या पद्धतीने दुरुस्त करायला घेतला त्यात जुन्याचा हक्क बुडाला आणि नव्याच्या हातात पक्का कागद आला नाही. सावे खोऱ्यातल्या कब्जा झालेल्या भागांत फासे लागले, जनावरे मारली गेली. उद्या आपले राहील याची खात्री नसली की माणूस आजच ओरबाडतो. बांधावरचे झाड असो की रानातले हरीण, नियम एकच.

धडा सरळ आहे. जनावराला किंमत असून भागत नाही. ती किंमत नुकसान सोसणाऱ्याच्याच हातात पडली पाहिजे. मधल्या कुणाच्याही हातात पडली तर जनावरही जाते आणि शेतकरीही जातो.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे साहेबांना बंदुका देऊन बोलवा, असे आमचे म्हणणे नाही. आपली जमीन दाट वस्तीची, शेते लहान, आणि वाघ-बिबट्याकडे बघण्याची आपली रीतही वेगळी. पण विदर्भात रोही आणि रानडुकरांपायी रात्र रात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याला चिकवाराक्वाराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्याच्यावरचा कायदा जुन्या राजाच्याच जातीचा आहे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याचे ३९ वे कलम वाचा. रानटी जनावर मेलेले सापडले तर ती सरकारची मालमत्ता. म्हणजे रानडुकराचे मढे सरकारचे. तेच डुक्कर जिवंतपणी तुमच्या हरभऱ्यात घुसते तेव्हा सरकार पंचनाम्याला येते, मालक म्हणून येत नाही. उभ्या पिकाला धोका असेल तर मारण्याचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तो द्यायचा की नाही हे साहेब ठरवणार. भरपाई हवी तर अर्ज, फोटो, सातबारा आणि हेलपाटे. एखाद्या व्यापाऱ्याची गुरे तुमचे शेत खाऊन गेली असती तर तुम्ही ती कोंडवाड्यात घातली असती. सरकारची जनावरे शेत खातात तेव्हा कोंडवाड्यात शेतकरीच जातो.

भूतदया आपल्याला शिकवायला नको. मुंगीला साखर घालणारी आणि पाखरांसाठी कणीस राखणारी माणसे आपणच. पण दया स्वतःच्या पदरचे देऊन करायची असते. दुसऱ्याच्या पिकावर केलेल्या दयेला दया म्हणत नाहीत, वसुली म्हणतात.

म्हणून जिल्हा मेळाव्यात या विषयावर तीन गोष्टी ठामपणे मांडा. पहिली, रानजनावर देशाचे धन असेल तर त्याच्या चाऱ्याचे बिल देशाने भरावे, बाजारभावाने आणि ठरलेल्या मुदतीत. दुसरी, व्याघ्रप्रकल्पांच्या दारातून जो पर्यटनाचा पैसा वाहतो त्यातला वाटा थेट लगतच्या गावांच्या खात्यात पडावा. त्याचा हिशेब ग्रामसभेत मोजून दाखवावा, चिकवाराक्वारात मोजला तसा. तिसरी, रोही आणि रानडुकरे आवरण्याचा निर्णय ज्याचे पीक उभे आहे त्या गावाने करावा. वनखात्याने आकडा ठरवून द्यावा आणि देखरेख ठेवावी, मालकी गाजवू नये.

नामिबियाच्या गावकऱ्याला हे १९९६ साली मिळाले आणि त्याने हत्ती संपवले नाहीत, वाढवले. आपला शेतकरी त्याच्यापेक्षा कमी शहाणा आहे असे ज्याला वाटते, त्याने मेळाव्यात येऊन तसे तोंडावर सांगावे.